हमीपत्र पुरे, आता मोहीम रद्द करायची सोय करा

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राचार्य, जिमखाना प्रमुख, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी,
तसेच गिर्यारोहण, निसर्ग, साहस अशा नावांनी चालणाऱ्या विद्यार्थी क्लबांचे सचिव

विषय: पावसाळी मोहिमा निघण्याआधी महाविद्यालयाने करायची कामे

सप्रेम नमस्कार.

जून लागला की नोटीस बोर्डावर पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेचा कागद लागतो आणि कार्यालयातून हमीपत्राचे गठ्ठे निघतात. 'माझा पाल्य स्वेच्छेने सहभागी होत असून काही बरेवाईट झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.' खाली पालकांची सही, विद्यार्थ्याची सही, कार्यालयाचा शिक्का. गठ्ठा फाइलला लागला की बहुतेक ठिकाणी तयारी संपते. हमीपत्राशी आमचे भांडण नाही. पण कोणता ओढा कधी ओलांडायचा नाही, किती वाजता माघारी फिरायचे आणि ते सांगायचे कुणी, यातले एक अक्षर त्या कागदावर नसते.

मोहीम बिघडते ती बऱ्याचदा डोंगरावर नव्हे, आधीच्या आठवड्यात कॅन्टीनच्या टेबलावर. ४० जणांचे पैसे गोळा झालेले असतात, बसला ॲडव्हान्स दिलेला असतो, जेवणवाल्याला सांगितलेले असते, टी-शर्ट छापून आलेले असतात. शुक्रवारी संध्याकाळी हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट येतो. निर्णय घ्यायचा कुणी, तर टीवायला शिकणाऱ्या वीस वर्षांच्या सचिवाने. रद्द म्हटले तर ४० मित्र पैसे मागणार, बसवाला ॲडव्हान्स देणार नाही, आणि वर 'एवढ्या पावसाला भ्यालास व्हय?' हे ऐकायचे. तो रद्द करत नाही. त्याच्या जागी कुणीही असता तरी केले नसते.

म्हणून आमची पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची मागणी पैशांची आहे. प्रत्येक महाविद्यालयाने जिमखाना फीतून क्लबसाठी रद्द निधी बाजूला ठेवावा. बसचा ॲडव्हान्स आणि जेवणाची बुडीत रक्कम त्यातून भरली जाईल, हे वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी द्यावे. वर्षातून एक-दोन मोहिमा रद्द होतील एवढे धरले तरी पुरते. ही रक्कम एका वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा मोठी नसते. निर्णय आदल्या संध्याकाळी सहा वाजता दोघांनी घ्यावा, एक मोहिमेचा अनुभवी प्रमुख आणि एक प्राध्यापक. दोघांपैकी एकाने 'नको' म्हटले की विषय संपला, कारण विचारायचे नाही. सचिवाला या दोघांत घेऊ नका. तो मित्रांना तोंड देतो, तेवढे काम त्याला पुष्कळ आहे.

आता निर्णय कशावर घ्यायचा ते. रंकाळ्यावर भुरभुर आहे म्हणून गगनबावड्यालाही भुरभुर असेल, हा आपल्या शहरातला जुना गैरसमज. हवामान खाते कोल्हापूर आणि कोल्हापूरचा घाटमाथा यांचे इशारे वेगळे देते. पाहायचा तो घाटमाथ्याचा. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. आमचा नियम साधा आहे. घाटमाथ्याला ऑरेंज असेल तर ओढा, धबधबा, रोप, कडा या चार गोष्टी वगळायच्या. जायचेच तर पन्हाळ्याच्या तटावरून फिरून यायचे. रेड असेल तर घरी बसायचे. मात्र फक्त उद्याचा अंदाज पाहून भागत नाही. मागचे तीन दिवस सलग पाऊस झाला असेल तर जमीन पाणी पिऊन तुडुंब झालेली असते आणि उद्याचा साधा पाऊसही सरळ ओढ्यात उतरतो. शिवाय पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ आहेत, पण ट्रेकच्या नियोजनात ते कुणी घेत नाही. पातळी ३९ कडे सरकते तेव्हा जिल्ह्यातले कितीतरी बंधारे, आणि त्यांच्यावरून जाणारे रस्ते, आधीच पाण्याखाली गेलेले असतात. तुमचा डोंगर ठीक असेल, परतीचा रस्ता बंद असेल.

वेळेचा हिशोब. मोकळ्या वाटेवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, हे जगभर वापरले जाणारे गणित. पावनखिंडीच्या मोहिमेतला २५ किलोमीटर आणि एकूण ५०० मीटर चढाचा दिवस धरला तर कागदावर सहा तास भरतात. तो हिशोब दोघा-तिघा सराईतांचा, कोरड्या वाटेवरचा. चिखल, शेतांचे बांध, धुके आणि पहिल्यांदाच चालणारी मुले मिळून त्याचे दहा तास होतात, जेवणाचा पाऊण तास वेगळा. सकाळी सातला निघालात तर संध्याकाळचे सहा वाजणार. जुलैत सूर्य सातनंतर मावळतो म्हणून निभावते. हाच बेत डिसेंबरात केला तर सहालाच अंधार. नऊला निघालात तर जुलैतही अंधारात चालायचे आहे. जुलै १६६० मधल्या त्या रात्रीचा दाखला भाषणात जरूर द्या, पण त्यावरून एफवायच्या मुलांचे वेळापत्रक आखू नका.

गट मोठा झाला की वेळ नुसता वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. घसरड्या ओढ्यावर एकेकाला हात देऊन पलीकडे घ्यायला दोन मिनिटे लागतात. ४० जण म्हणजे ८० मिनिटे. पहिला पोरगा पलीकडे जाऊन सव्वा तास वाऱ्यात ओला उभा राहतो, आणि नेमके तिथेच अंग गार पडायला लागते. म्हणून एका गटात २५ च्या वर माणसे नकोत, दर आठ जणांमागे एक अनुभवी हवा, सगळ्यात पुढे एक आणि सगळ्यात मागे एक ठरलेला. मागच्याच्या मागे कुणी राहायचे नाही आणि पुढच्याच्या पुढे कुणी जायचे नाही, मग तो जिल्ह्याचा धावपटू का असेना. १०० जणांची मोहीम करायचीच असेल तर तिचे चार गट करा, प्रत्येकाचा प्रमुख वेगळा, आणि अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा.

'कोल्हापुरात कसली आलीय थंडी' असे म्हणणाऱ्यांनी जुलैत मसाई पठारावर अर्धा तास थांबून पाहावे. हवा २० अंशांच्या आसपास, वारा अडवायला एक झाड नाही आणि अंगात सुती टी-शर्ट व जीन्स. ओले सुती कापड अंगातली ऊब सतत ओढून घेते. ओली जीन्स तर जड होते, मांड्या सोलते आणि मुक्कामाला रात्रभर वाळत नाही. पॉलिस्टरची ट्रॅक पँट आणि खेळाचा टी-शर्ट कितीतरी बरे, आणि ते प्रत्येकाकडे असतातच. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी ठेवायचा. मुक्कामाशिवाय तो उघडायचा नाही. गारठलेला मुलगा कसा ओळखायचा? आधी थरथरतो, मग बोलताना अडखळतो, सॅकची चेन त्याला लावता येत नाही, आणि विचारले तर 'मी ठीक आहे' म्हणतो. थरथर थांबली म्हणजे बरा झाला असे समजू नका. तिथून पुढे प्रकरण गंभीर असते. आडोशाला घ्या, ओले कपडे उतरवून कोरडे घाला, खाली प्लॅस्टिक किंवा सॅक अंथरा कारण जमीनही ऊब ओढते. शुद्धीवर असेल तर गूळ-पाणी किंवा गोड चहा द्या. हातपाय चोळू नका.

याच पठारावर धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि गुरांच्या दहा वाटा एकसारख्या दिसतात. फोनमध्ये वाट आधीच उतरवून ठेवा, निदान दोन फोनांत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असू द्या. मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा, ही संकटाची खूण. उत्तर मिनिटाला तीन. शिट्टी दहा-वीस रुपयांना मिळते आणि घसा बसल्यावरही वाजते. मे महिन्यातल्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात याच उघड्या पठारावर विजेचा धोका असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांच्या आत असेल तर पठार सोडून खाली उतरायचे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचे नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे विजेचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप प्रमुखाच्या फोनवर असावे.

आता पाणी, कारण मुले सगळ्यात जास्त फसतात ती इथेच. ओढा गुडघ्याच्या वर असेल किंवा तळ दिसत नसेल तर ओलांडायचा नाही. 'मला पोहता येतंय' याचा इथे उपयोग नाही. वाहत्या पाण्यात माणूस बुडतो तो पोहणे विसरून नव्हे, पाय दगडांत अडकून पाण्याच्या रेट्याने आडवा झाल्यामुळे. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाऊल. कुणाच्या कमरेला दोर बांधू नका. घसरला तर ताणलेला दोर त्याला पाण्याखालीच दाबून धरतो. अलीकडे पोचलात की आधी पाण्याच्या कडेला एक दगड खुणेचा ठरवा. दहा मिनिटांत तो बुडाला तर पाणी चढते आहे. पलीकडे गेलात तर परत यायची वाट नाही. बर्कीसारख्या ठिकाणी धबधब्याकडे जाताना ओढे ओलांडावे लागतात आणि वर पाऊस पडला की खालच्या उन्हातही ते फुगतात. धबधब्याच्या डोहात उतरायला तर कुणालाच परवानगी नको. पांढऱ्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही.

राधानगरीकडे सहल नेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. तिथल्या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबायची वाट पाहत नाहीत. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी भोगावतीत येते. धरण भरत आले असल्याची बातमी असेल त्या आठवड्यात खालच्या बाजूला नदीपात्रात फोटोसाठी एक पाऊलही टाकायचे नाही. २०१४ च्या जूनमध्ये हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. पाणी सोडले तेव्हा ते नदीतल्या दगडांवर फोटो काढत होते.

रोपबद्दल सविस्तर लिहायला हवे. क्लबच्या रॅपलिंगचा (रोपवरून कडा उतरणे), व्हॅली क्रॉसिंगचा (रोपवरून दरी ओलांडणे) पोस्टरवर मोठा फोटो असतो आणि जिमखान्याच्या खोलीत त्याच रोपची दैना असते. रोप त्या खोलीत का असतो? कारण तिथे कुलूप असते. पण तिथेच बऱ्याचदा इन्व्हर्टरची बॅटरीही असते. बॅटरीतल्या ॲसिडचा थेंबच नव्हे, नुसती वाफसुद्धा नायलॉनला पोखरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रंग तसाच, गुळगुळीतपणा तसाच, ताकद मात्र गेलेली. हाच रोप गॅदरिंगला रस्सीखेचीसाठी काढलेला असतो, आणि गणपतीत मंडपाला बांधला नसेल याची खात्री कुणी देत नाही. असा रोप कितीही नवा दिसला तरी माणूस लोंबकळवायला वापरायचा नाही. कापून टाका, नुसता बाजूला ठेवला तर पुढच्या वर्षीचा सचिव तो बाहेर काढतोच.

तपासणी कशी करायची ते जिमखान्याच्या शिपायालाही शिकवता येते. रोप जमिनीवर नको, ताडपत्रीवर मोकळा करा. हातमोजे काढा. एका टोकापासून सुरू करून एकेक वीत दोन्ही हातांत धरायची, वाकवून तिचा छोटा फासा करायचा. फासा सगळीकडे सारखा गोल यायला हवा. एखाद्या ठिकाणी तो मुडपला, चपटा झाला किंवा आत पोकळ लागले तर तिथला गाभा गेला. वरच्या विणीवर चमक आली असेल तर तिथे डिसेंडर, म्हणजे रोपवरून उतरायचे धातूचे साधन, गरम होऊन नायलॉन वितळले आहे. लव उठलेली चालते, पांढरा गाभा दिसला तर नाही. ५० मीटर रोप नीट पाहायला पाऊण तास लागतो. पाच मिनिटांत झाला असेल तर तपासलेला नाही. युरोपीय मानकाच्या स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणाऱ्या रोपच्या गाभ्यात बारीक पट्टी असते, तिच्यावर बनवल्याचे वर्ष छापलेले असते. टोक कापून ती बघा. बहुतेक उत्पादक न वापरलेल्या रोपलाही दहा वर्षांच्या पुढे वापरू नका म्हणतात. आणि एक वही ठेवा: खरेदीची तारीख, प्रत्येक वापर, किती जण उतरले, पाण्यात भिजला का, कोणी तपासला, सही. वही नसेल तर तो रोप जुना धरायचा.

उतरण लावताना रोप दोन असतात. एक उतरायचा, दुसरा बिलेचा, म्हणजे वरचा माणूस पकडून ठेवतो तो. दोन्ही रोपांचे अँकर, म्हणजे रोप ज्याला बांधायचा तो आधार, वेगळे. दोन्ही रोप एकाच झाडाला बांधले तर झाड गेल्यावर दोन्ही जातात, मग दुसरा कशाला? झाड जिवंत, मांडीपेक्षा जाड आणि मुळे जमिनीत घट्ट असलेले हवे. दोन अँकर जोडताना मधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. तो १२० अंश झाला की प्रत्येक बाजूवर पूर्ण वजन येते आणि दोन अँकर असल्याचा काही फायदा उरत नाही. आपल्याकडच्या पठारांच्या माथ्यावर जांभा आहे. तो सच्छिद्र, ठिसूळ. त्यात ठोकलेल्या बोल्टवर विसंबू नका. त्याची कड कानशीसारखी रोप घासते, म्हणून कडेवर गोणपाटाची तीन-चार पदरी घडी बांधून ठेवा आणि दर पाच-सहा जणांनंतर ती सरकली का पाहा.

उतरणाऱ्याचे केस बांधलेले, ओढणी काढलेली, हूडीच्या नाड्या आत. यातले काहीही डिसेंडरमध्ये ओढले गेले की मुलगी अधांतरी अडकते आणि वरचे लोक घाबरून रोप ओढतात, त्याने ते अधिकच गुंतते. यासाठी मुख्य रोप अँकरला कायमच्या गाठीने न बांधता वजन असतानाही सोडता येईल अशा मंटर-म्यूल गाठीने बांधायचा. अडकलेल्या माणसाला मग वरूनच हळूहळू खाली सोडता येते. ही गाठ डोळे मिटून, ओल्या हातांनी मारता आणि सोडता येत नसेल त्याने वरच्या टोकावर उभे राहू नये. धबधब्यातल्या रॅपलिंगला तर हा नियम दुप्पट लागू, कारण पाण्याखाली अडकलेल्याकडे मिनिटे नसतात. महाविद्यालयीन क्लबने ते करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बांधकामावरचे हेल्मेट चालत नाही. हनुवटीचा पट्टा पक्का नसेल तर डोके आपटण्याआधीच ते निघून जाते.

पन्हाळ्याच्या तटावर किंवा बुरुजावर रोप लावण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो काढून टाका. ते केंद्रीय पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांत त्याची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली आहे. दगडात खिळा ठोकणे सोडाच, चूलही मांडता येत नाही. राधानगरी अभयारण्यात वन्यजीव विभागाच्या लेखी परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. पावसाळ्यात ते बंदच असते. आजरा-चंदगडकडे कलानिधीगड, पारगड असा बेत असेल तर त्या आठवड्यात हत्ती कुठे आहेत हे वनरक्षकाला विचारून निघा. गवा दिसला तर थांबा, बाजूला सरका, झाडामागे जा. मोबाइल काढून पुढे जाणाऱ्याला ग्रुपमधून तिथल्या तिथे बाजूला घ्या.

पाटगाव मधाचे गाव म्हणून ओळखले जाते, पण तिथल्या पेट्यांतल्या सातेरी माश्या वेगळ्या आणि रांगण्यासारख्या कड्यांवरच्या आग्या माश्या वेगळ्या. आग्यांना धूर, आरडाओरडा आणि सेंटचा वास चालत नाही. मोहिमेच्या दिवशी परफ्यूम, डिओ बंद. हल्ला झाला तर तोंड झाकून पळायचे, हात झटकत उभे राहायचे नाही. पाण्यात उडी तर मुळीच नाही, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. नांगी चिमटीत धरून ओढू नका, नखाने किंवा ओळखपत्राच्या कडेने खरवडून काढा. ओठ सुजले, श्वास लागला तर १०८ ला लगेच फोन.

सर्पदंशात कापणे, चोखणे, दोरीने आवळणे या तिन्ही गोष्टी बंद. दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, वेळ लिहून ठेवा, माणसाला चालवू नका. आपल्याकडे मिळणारी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते. हिरव्या चापड्यावर नाही, म्हणून दंशानंतर साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नसली तरी लांबून फोटो मिळाला तर डॉक्टरांना उपयोगी पडतो. मोहिमेच्या आदल्या दिवशी वाटेवरच्या ग्रामीण रुग्णालयात लस शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे फोन करून विचारा. नसेल तर सरळ कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय गाठायचे, आणि त्या अंतराचा हिशोब बेतातच धरायचा. आरोग्याचा कागद प्रत्येकाचा हवा: दमा, फिट, साखर, मधमाशीची ॲलर्जी, चालू औषधे. इन्हेलर ज्याचा त्याच्या खिशात असावा. सगळ्यात मागे चालणाऱ्याच्या सॅकमध्ये तो निरुपयोगी.

२५ जणांच्या एका दिवसासाठी प्रथमोपचार पेटीत चार क्रेप बँडेज, तीन त्रिकोणी बँडेज, निर्जंतुक गॉजची दहा पाकिटे, २० ओआरएस, तीन चंदेरी ब्लँकेट, एक वाकणारी पट्टी-फळी, सॅनिटरी पॅड. ओआरएसचे मोठे पाकीट एका लिटरमध्ये पूर्ण टाकायचे. अर्धे-अर्धे वाटून घेतले तर औषध राहत नाही. पाय मोडलेल्याला उचलायला सहा जणांची एक फळी लागते आणि डोंगरवाटेवर दर काही मिनिटांनी ती बदलावी लागते, म्हणजे तीन फळ्या, १८ माणसे. सात जणांच्या गटाला हे जमत नाही, म्हणून गावात ओळख हवी.

त्या ओळखीचे नाव पोलीस पाटील. पायथ्याच्या गावात उतरल्यावर आधी त्यांना भेटा, नावांची यादी, वाट आणि परतीची वेळ त्यांच्याकडे द्या. गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला दिवसाचे रीतसर पैसे द्या. चहा-बिस्किटांवर बोळवण करू नका. कोणता ओढा कोणत्या पावसाला चढतो हे त्याला माहीत असते.

एक विषय पुरुष प्राध्यापकांच्या सभेत निघतच नाही. मुली मोहिमेवर पाणी पीत नाहीत, कारण आडोसा मिळेल की नाही याची खात्री नसते. दुपारी डोके दुखते, पायात गोळे येतात आणि वहीत नोंद होते 'स्टॅमिना कमी'. दर दोन तासांनी मुलींसाठी ठरलेला थांबा ठेवा, सोबत महिला प्रमुख हवीच, आणि तो थांबा वेळापत्रकात आधी लिहा म्हणजे कुणाला मागावा लागत नाही. माणशी तीन लिटर पाणी तेव्हाच पोटात जाईल. आणि हो, निघायच्या सकाळी तिखटजाळ मिसळ नको. आम्हीही कोल्हापूरचेच आहोत, पण तिचा मान परतीच्या वाटेवर राखावा. चढावर ती उलटून येते. पोहे, भाकरी-भाजी, गूळ-शेंगदाणे भागवतात.

गाडीबद्दल थोडक्यात. वडापची जीप नको, टेम्पो नको, पहाटे झोपमोड करून निघालेल्या मुलांच्या ३० दुचाक्या तर नकोतच. एसटी प्रासंगिक करारावर घ्या. रात्री घाट उतरायचा नाही.

राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये साहसी उपक्रमांचे धोरण आणले, यूजीसीने २०१५ मध्ये आवाराबाहेरच्या सुरक्षेबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. कार्यालयाने दोन्ही छापून क्लबला द्याव्यात. बाहेरची संस्था रोप लावणार असेल तर तिची नोंदणी, प्रशिक्षकांची प्रमाणपत्रे आणि रोपची वही या तिन्हींच्या प्रती आधी मागाव्यात. 'सर, सगळं ओके आहे' एवढ्यावर सही करू नये. आणि अपघाताच्या भीतीने क्लबच बंद करू नयेत. बंद केलेल्या क्लबची मुले घरी बसत नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुप काढून, प्राध्यापकांशिवाय आणि वहीशिवाय तिथेच जातात.

शेवटचा कागद एका पानाचा आहे. त्यावर वाट, गटातली नावे, बसचा क्रमांक, पोलीस पाटलांचा फोन, माघारी फिरायची वेळ आणि गावात पोचल्याचा फोन येण्याची वेळ लिहायची. त्याची एक प्रत शहरात थांबलेल्या एका माणसाकडे राहील. रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर तो पाटलांना विचारेल, साडेआठला ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ ला कळवेल. हा माणूस नावाने ठरवा, त्याचा मोबाइल क्रमांक लिहा. सध्या त्या रकान्यात बहुतेक अर्जांवर कार्यालयाचा लँडलाइन क्रमांक असतो, आणि मोहिमा रविवारी असतात.

आपले,
जिल्ह्यातल्या गडवाटांवर मुलांना घेऊन जाणारे काही जण
कोल्हापूर